भूकंपांची खतावणी

२०२४ च्या जुलैतली १० तारीख. सकाळचे साडेसात वाजायचे होते. नांदेडहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, मांडणीवरची भांडी आपोआप वाजली रे! आम्ही सगळे अंगणात उभे आहोत."

नातवाने माझ्या मोबाईलवर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे 'भूकंप' नावाचे ॲप बसवून दिले होते. ते उघडले. थोड्या वेळाने एक ओळ उमटली: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता ४.५, ठिकाण हिंगोली. बहिणीला कळवले. तिला आकड्यापेक्षा माझ्या आवाजाचाच धीर अधिक वाटला असावा.

मी जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेला माणूस. रकाने दिसले की पेन्सिल शोधतो. त्या दिवसापासून मला या यादीचा नादच लागला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची यादी तर जगभराची. तीत दिवसाला पन्नासेक भूकंप चढतात. गेल्या तासाचे, दिवसाचे, आठवड्याचे, महिन्याचे वेगवेगळे मागवता येतात. प्रत्येक नोंदीवर शेरा असतो, ती यंत्राने आपोआप केली की माणसाने तपासली. कारकुनाच्या नोंदीवर अधिकाऱ्याची सही पडावी तसेच हे. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतला आकडा दुपारी बदलला, तर उगाच लपवालपवीचा संशय घेऊ नये.

एक गोष्ट मात्र मला खटकली. कितीतरी भूकंपांची खोली नेमकी दहा किलोमीटर! असा गोल आकडा वारंवार दिसला की बँकेतला माणूस चष्मा पुसतो. चौकशी केल्यावर उलगडा झाला. आसपास मोजणीची केंद्रे पुरेशी नसली, तर खोली नक्की काढता येत नाही. मग हिशेब पुढे न्यायला दहा धरतात. म्हणजे आमचे सस्पेन्स खातेच की हे!

तीव्रतेच्या आकड्यानेही माणूस फसतो. ४.५ आणि ६.२ यांत फरक दिसतो १.७ चा, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे साडेतीनशे पट. चक्रवाढ व्याज याच्यापुढे बापडे.

६.२ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. या यादीत मागचे भूकंपही शोधता येतात. एका रात्री मी किल्लारी शोधले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. तारीख घातली तर नोंद मिळेना. मग लक्षात आले, यादी ग्रिनिचच्या घड्याळाने चालते. तिथे ती नोंद २९ तारखेची आहे. २९ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. लोक गणपती बोळवून उशिरा घरी येऊन झोपले होते.

त्या काळात मी उमरग्याकडच्या एका शाखेत होतो. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्या पट्ट्यात धक्के बसत होते. एक शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "सायेब, रातच्याला भुई गुरगुरती. माळवद उतरून पत्रं टाकावं म्हंतो. तेवढं कर्ज द्या." मी नियम पाहिले. विहिरीला होते, बैलजोडीला होते. चांगले उभे घर उतरवायला कर्ज नव्हते. अर्ज न घेताच मी त्याला परत पाठवले. वर थोडा हसलोही.

दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर फूट-फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते ओझे त्या पहाटे झोपलेल्यांवर कोसळले. ५२ गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. तो शेतकरी पुन्हा शाखेत आला नाही. मी चौकशी करायला हवी होती. केली नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

त्याने ऐकलेली गुरगुर जगाच्या यादीत शोधणे व्यर्थ आहे. अमेरिकेबाहेरचे चारच्या खालचे धक्के तिथे बहुधा पोहोचतच नाहीत. कोरी जागा दिसली म्हणजे जमीन शांत होती असे नव्हे. आता त्याच संस्थेने लोकांसाठी एक प्रश्नावली ठेवली आहे: हादरा जाणवला का, भांडी खडखडली का, फळीवरून वस्तू पडल्या का. कोणीही भरावी. शास्त्रज्ञ ती उत्तरे नकाशावर मांडतात. माझ्या टेबलावर तसला कागद नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे.

पुढचा भूकंप कधी, हे कोणतेही ॲप सांगत नाही, झालेलाच लिहिते. नातवाला हे ऐकून जरा निराशा झाली.

परवा बहिणीशी बोलताना मी विचारले, "गावाकडच्या घराचं माळवद अजून तसंच आहे का गं?" ती म्हणाली, "तसंच आहे. भाऊजी झोपतात तिथे. का रे?"

मी तिला म्हटले, "उतरवायला किती लागतील, ते विचारून ठेव. पैशाचं मी बघतो."