रायपूरची एका खोलीतील विद्यापीठे आणि 'मानव संसाधना'चे शास्त्र

"घरबसल्या पदवी घ्या, नोकरी न सोडता व्यवस्थापक व्हा" अशा आरोळ्यांनी आज देशातील तरुणांचे कान किटविले जात आहेत. या बाजारातील एक खपाऊ माल म्हणजे 'मानव संसाधन व्यवस्थापन' या विषयाची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी. छत्तीसगढमध्ये, रायपूरच्या उरला व सिलतरा औद्योगिक क्षेत्रांत, भिलाईत, कोरब्यात हा माल विकत घेणारा कोण आहे? बहुधा तो कायम कामगाराच्या घरात जन्मलेला, पण स्वतःचे नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असलेला पदवीधर आहे. बापाला पोलाद कारखान्यात जशी नोकरी मिळाली तशी आपल्याला मिळणे नाही, हे त्याला कळून चुकले आहे. पाळी संपवून घरी आल्यावर तो मोबाइलच्या पडद्यावर 'कर्मचारी-प्रेरणे'चे सिद्धान्त पाठ करतो. त्याच्या कष्टांची थट्टा करण्याचे काही कारण नाही. त्या कष्टांवर ज्यांनी दुकान थाटले आहे त्यांचा हिशेब मात्र मागितलाच पाहिजे.

या शिक्षणाचे पुरस्कर्ते दोन दावे करतात. पहिला असा की, ऑनलाइन पद्धतीमुळे उच्च शिक्षण गरिबाच्या दारी आले. दुसरा असा की, मानव संसाधन व्यवस्थापन हे मालक आणि कामगार या दोघांचेही हित साधणारे निःपक्ष शास्त्र आहे. हे दोन्ही दावे तपासून पाहण्यास रायपूरइतके योग्य शहर देशात शोधूनही सापडणार नाही.

एका खोलीतील विद्यापीठे

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाले, आणि २००२ साली तेथील तत्कालीन काँग्रेस सरकारने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. या कायद्याची खुबी अशी की, विद्यापीठ स्थापण्यासाठी स्वतंत्र कायदा नको, जमीन नको, इमारत नको, प्राध्यापक नको. प्रस्ताव द्यावा आणि राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ जन्मास आले! बघता बघता ११२ विद्यापीठे अशी जन्मास आली. त्यांतील कित्येकांचा सारा पसारा एकेका खोलीत मावत होता. राज्याबाहेरही केंद्रे उघडण्याची मुभा असल्यामुळे रायपूरच्या खोलीत बसून देशभर पदव्यांचा व्यापार करण्याचा मार्ग मोकळा झाला. डिसेंबर २००३ मध्ये सत्तांतर होऊन भाजपचे सरकार आले. त्याने कायद्यात दुरुस्त्या केल्या, पण दुकान बंद केले नाही. शिक्षणाच्या बाजाराबाबत या दोन पक्षांत किती जिव्हाळ्याचे एकमत असते, याचा हा एक नमुना होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष व ख्यातनाम शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी या प्रकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची ५ व ६ ही कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि त्यांखाली स्थापन झालेली सर्व विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. विद्यार्थी मात्र नाहीसे होऊ शकत नव्हते. त्यांनी फी भरली होती, वर्षे घातली होती. जेथे संस्था खरोखर चालू होत्या तेथील विद्यार्थ्यांना राज्यातील विद्यमान विद्यापीठांशी जोडून घेण्याची तजवीज करण्यास न्यायालयाला सरकारला सांगावे लागले. म्हणजे खासगी व्यापाऱ्यांनी घातलेला गोंधळ निस्तरण्याचे काम अखेर ज्यांना 'कालबाह्य' म्हणून हिणविले जाते त्या सरकारी विद्यापीठांच्याच गळ्यात पडले. आणि राज्यकर्ते यातून काय शिकले? त्याच २००५ साली त्यांनी खासगी विद्यापीठांसाठी नवा कायदा केला!

आजची ऑनलाइन पदवी आणि तेव्हाची ही विद्यापीठे एकच, असे म्हणणे अर्थातच सरसकट ठरेल. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत, मान्यतेच्या अटी आहेत, आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. परंतु २००२ साली निदान एक खोली तरी भाड्याने घ्यावी लागत होती. आता तीही गरज उरलेली नाही. विद्यापीठाचे नाव पुढे करून प्रत्यक्षात अभ्यासक्रम विकण्याचे, विद्यार्थी गोळा करण्याचे आणि फीत वाटा घेण्याचे काम शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या करू लागल्या, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये आयोगालाच जाहीर करावे लागले की, अशी फ्रँचायझी नियमांत बसत नाही. चोर गावात शिरल्यावरच अशी दवंडी पिटली जाते.

दूरशिक्षणाला कष्टकऱ्यांच्या चळवळीचा विरोध कधीच नव्हता. क्रांतीनंतरच्या रशियात १९१९ पासून कामगारांसाठी 'रबफाक' या खास विद्याशाखा उघडण्यात आल्या, आणि पुढे पत्रद्वारा व सायंकालीन शिक्षणाचे मोठे जाळे सोव्हिएत सरकारने उभे केले. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बिलासपूरलाही सरकारी मुक्त विद्यापीठ आहे. सरकारी पैशाने, सरकारी जबाबदारीने चालणारे दूरशिक्षण ही एक गोष्ट. सरकारने हात झटकून टाकावेत आणि कामगाराच्या मुलाने कर्ज काढून ती पोकळी भरावी, ही अगदी दुसरी गोष्ट. शिवाय वर्ग नाही, वसतिगृह नाही, ग्रंथालयातील टेबल नाही, म्हणजेच शेजारी बसणारा दुसरा विद्यार्थीही नाही. ज्याला सहाध्यायीच नाही त्याची विद्यार्थी संघटना कोठून होणार? परीक्षेच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याची नजर असते. उद्या हीच नजर त्याला इतरांवर ठेवावयाची आहे, तेव्हा शिक्षणाचा हा भाग तरी पूर्णपणे 'व्यवसायाभिमुख' आहे असे म्हटले पाहिजे.

या शास्त्राची वंशावळ

आता दुसरा दावा. कारखान्यात 'माणसांचे खाते' आले कोठून? मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरती करी तो जॉबर. तो दस्तुरी खाई, बदली कामगाराला दारात ताटकळत ठेवी, आणि मालक त्याच्या आडून राज्य करी. १९३१ साली व्हिटले आयोगाने जॉबरची सद्दी मोडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. शिफारस अमलात आली ती मात्र १९३४ च्या गिरणी संपानंतर, जेव्हा ब्रिटिश सरकारने मुंबईत औद्योगिक तंट्यांचा कायदा करून कामगारांच्या वतीने बोलण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला. कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली तीही त्याच वर्षी. कामगारांचे खरे प्रतिनिधी तुरुंगात आणि सरकारी प्रतिनिधी खुर्चीत, अशी ती वाटणी होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. अनेक राज्यांच्या नियमांत असेही होते की, या अधिकाऱ्याने कामगारांविरुद्ध शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि मालकाच्या बाजूने कामगारांविरुद्ध उभे राहू नये. नियम कागदावर राहिला हे खरे. पण कामगार चळवळीच्या दबावामुळे कागदावर तरी तो आणावा लागला होता. आजच्या मानव संसाधन अधिकाऱ्याचे तर ते मुख्य कामच होऊन बसले आहे.

अमेरिकेत टेलरने १९११ साली कामगाराच्या हालचाली घड्याळाने मोजण्याचे 'शास्त्र' मांडले. ते अंगावर आले तेव्हा १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले, आणि एल्टन मेयो प्रभृतींनी निष्कर्ष काढला की, कामगाराकडे लक्ष दिले, त्याच्याशी गोड बोलले की उत्पादन वाढते. मजुरी वाढविण्यापेक्षा गोड बोलणे स्वस्त पडते, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला ठाऊक असते. पण अभ्यासक्रमात आजही या प्रयोगांना मानाचे पान आहे. भारतात १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील तज्ज्ञांच्या सल्ल्याने मानव संसाधन विकासाचे वेगळे खाते उघडले. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने तर देशाच्या शिक्षण मंत्रालयाचेच नाव 'मानव संसाधन विकास मंत्रालय' करून टाकले. २०२० साली ती पाटी उतरली आणि 'शिक्षण मंत्रालय' ही जुनी पाटी परत लागली. दृष्टी तीच राहिली.

शब्दाचा प्रश्न किरकोळ नाही. हिंदीत 'मानव संसाधन', मराठीत कोठे 'मनुष्यबळ' तर कोठे 'मानवी साधनसंपत्ती' अशी भाषांतरे रूढ झाली आहेत. 'मनुष्यबळ' म्हटले की निदान बळ माणसाचे आहे एवढे तरी कळते. 'संसाधन' म्हटले की प्रश्न उभा राहतो: ते कोणाचे? छत्तीसगढच्या वाचकाला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. दल्ली राजहऱ्याचे लोहखनिज हे संसाधन, कोरब्याचा कोळसा हे संसाधन, सालवृक्षांचे अरण्य हे संसाधन. या प्रत्येकाचे 'व्यवस्थापन' म्हणजे काय हे तेथील आदिवासी जन्मापासून पाहत आले आहेत. त्याच यादीत आता माणसाचे नाव घातले गेले आहे.

अभ्यासक्रमात नसलेली प्रकरणे

जून १९७७ मध्ये दल्ली राजहऱ्याच्या कंत्राटी खाणकामगारांवर गोळीबार होऊन ११ जण ठार झाले. या कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी पुढे भिलाई-रायपूर पट्ट्यातील खासगी कारखान्यांत जगण्यापुरती मजुरी, कायम नोकरी आणि युनियनचा हक्क यांसाठी लढा उभारला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी त्याच मागण्यांसाठी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व १६ कामगार मारले गेले. खून खटल्यात सत्र न्यायालयाने उद्योगपतींना दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडून दिले, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयात शिक्षा झाली ती फक्त भाडोत्री मारेकऱ्याला. नियोगींच्या संघटनात्मक मार्गाशी पक्षाचे मतभेद असू शकतात. पण छत्तीसगढमध्ये 'औद्योगिक संबंध' या शब्दांचा अर्थ काय होता, हे या घटना वगळून कोणी शिकवू म्हणेल तर तो खोटे शिकवीत आहे.

कोरब्याच्या बाल्कोचे उदाहरण तर सरळ व्यवस्थापनाच्याच विषयाचे आहे. २००१ साली वाजपेयी सरकारने या सार्वजनिक कारखान्याचे ५१ टक्के भाग साडेपाचशे कोटींच्या आसपास किमतीला खासगी कंपनीला विकले. त्याविरुद्ध कामगारांनी ६७ दिवस संप केला. २३ सप्टेंबर २००९ रोजी तेथील वीज प्रकल्पाची बांधकाम चालू असलेली चिमणी कोसळून किमान ४० कामगार गाडले गेले. ते कंत्राटदाराच्या, उपकंत्राटदाराच्या हाताखालचे होते. माणूस मेल्यावर तो नेमका कोणाचा 'कर्मचारी' होता याची शोधाशोध करावी लागते, ही व्यवस्था कोणत्या शास्त्रात बसते?

सप्टेंबर २०२० चा महिना

ऑनलाइन अभ्यासक्रमांना आजचे स्वरूप देणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम ४ सप्टेंबर २०२० रोजी निघाले. त्याच महिन्याच्या २२ व २३ तारखांना संसदेत तीन कामगार संहिता मंजूर करून घेण्यात आल्या. राज्यसभेत त्या वेळी विरोधी पक्षांचा बहिष्कार होता. साथीच्या काळात जनता घरात कोंडली गेली असताना एकीकडे शिक्षणाची बाजारपेठ रुंदावली, दुसरीकडे कामगाराचे कायदेशीर संरक्षण आखूड झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या आहेत. कामगार कपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. संपासाठी १४ दिवसांची नोटीस सर्वत्र सक्तीची झाली. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप ठरेल. मुदतबंद नोकरी कायदेशीर झाली.

हे सारे राबविण्यासाठी हजारो हातांची गरज आहे. पत्रे लिहिणारे, मुदती संपविणारे, हजेरीचे आकडे जुळविणारे, 'कामगिरी असमाधानकारक' असा शेरा मारणारे हात. ऑनलाइन पदवीचा कारखाना हे हात तयार करतो, आणि तेही त्यांच्याच खर्चाने. गंमत अशी की, हे काम करणाराही मुदतबंदच असतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा 'कामगार' नाही, आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही नाही. इतरांना काढून टाकण्याची पत्रे टाइप करणाऱ्याला त्याचे स्वतःचे पत्र हाती पडेल तेव्हा औद्योगिक न्यायाधिकरणाचे दार बंद असेल.

पक्षाच्या कार्यकर्त्यांतही याबाबत दोन मते ऐकू येतात. एक असे की, विषय मालकाचा आहे, तो शिकणारा मालकाचा माणूस होणार, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? ही अतिरेकी सोवळेपणाची भूमिका झाली. १९४६ साली कलकत्त्यात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली तेव्हा पांढरपेशा कारकुनाविषयी असेच बोलले जात होते. पुढे बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी लावून धरणाऱ्यांत हेच कारकून होते. दुसरे मत याच्या उलट: शास्त्र तटस्थ असते, आपल्या मुलांनी ते शिकून वरच्या जागा घ्याव्यात आणि आतून कामगारांचे भले करावे. हे मत अधिक घातक आहे, कारण ते गोड आहे. खुर्चीवर बसणाऱ्याच्या सद्भावनेने खुर्चीचे काम बदलत नाही. ज्याच्या स्वतःच्या नोकरीचे नूतनीकरण वर्षअखेरीस व्हावयाचे आहे, त्याच्या सद्भावनेला किती मुदत मिळणार?

रायपूर-भिलाईच्या शाखांपुढे आणि त्याच लोहमार्गावरील नागपूरच्या साथींपुढेही काम आहे ते या तरुणाला गाठण्याचे. त्याच्या पाठ्यक्रमात कायदा मालकाच्या सोयीने येतो. युनियन कार्यालयात आठवड्याची एक संध्याकाळ चारही संहितांच्या मूळ मजकुराच्या वाचनासाठी ठेवता येते, आणि मराठी व हिंदी दोन्ही भाषांत ते चालविता येते. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या फीवर नियंत्रण, दलाल कंपन्यांना मज्जाव, सरकारी मुक्त विद्यापीठांत भरती व अनुदान या मागण्या विद्यार्थी आणि कामगार संघटनांनी एकत्र मांडावयास हव्यात. उरला-सिलतऱ्यात यापुढे संपाची १४ दिवसांची नोटीस ज्या टेबलावर जाऊन पडेल, त्या टेबलामागे हाच तरुण बसलेला असेल. तो दिवस येण्यापूर्वी युनियनचा माणूस त्याच्या घरी एकदा तरी जाऊन आलेला असला पाहिजे.