करुणा वाढते ती कामाला लागल्यावर

दयाबुद्धी प्रवचनं ऐकून अंगी बाणते, असा अनेक ख्रिस्ती घरांत समज असतो. पंडिता रमाबाईंचं आयुष्य वेगळंच सांगतं.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना या भगिनी मायेने सांभाळत होत्या. रमाबाई हलून गेल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीतच गेले होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अंध मुली बोटांनी ब्रेल वाचू लागल्या आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभं राहिलं.

एका कामाने पुढचं काम दाखवलं.

असं काम आजही आपल्या आसपास आहे. बुलढाणा जिल्हा शेतकरी आत्महत्या वर्षानुवर्षं पाहतो आहे. मागे राहिलेल्या बाईला भेटायला चार दिवस गाव येतं; सातबाऱ्यावर वारस नोंद करायला, बँकेत कर्जाची चौकशी करायला मात्र ती एकटीच जाते. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजातला असो वा आणखी कुठला, ख्रिस्ती माणसाने रविवारच्या उपासनेनंतर सोमवारी तिच्यासोबत तलाठ्याकडे जावं. तिची जात, धर्म विचारू नये. बदल्यात तिने चर्चला यावं, ही अपेक्षाही ठेवू नये.