शार्क वाचवायचा, तर आधी खाडी वाचवा

शार्कचे पर समुद्रातच कापून घेण्यावर भारतात २०१३ पासून बंदी आहे. २०१५ मध्ये परांची निर्यातही थांबली. दोन्ही निर्णय योग्यच. पण ते पकडलेल्या शार्कपुरते आहेत. त्याची पिल्ले वाढतात, त्या जागेचे काय?

पाळणाघर कशाला म्हणायचे?
अनेक जातींच्या माद्या पिल्ले घालायला खाड्या, उपसागर आणि नदीमुखांच्या उथळ पाण्यात येतात. तिथे मोठ्या शार्कची भीती कमी असते. मात्र एखादे पिल्लू दिसले म्हणून ते पाळणाघर ठरत नाही. पिल्ले इतर ठिकाणांपेक्षा जास्त हवीत, बराच काळ राहायला हवीत आणि हे वर्षानुवर्षे घडायला हवे.

बिमिनीचा धडा
बहामातील बिमिनी बेटांवर संशोधकांनी लेमन शार्कच्या पिल्लांचे डीएनए नमुने जवळपास वीस वर्षे गोळा केले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिथे जन्मलेल्या काही माद्या १४ ते १७ वर्षांनी बाळंतपणाला त्याच माहेरी परतल्या होत्या. माहेरच बुजवले, तर त्या दुसरीकडे जातील, हे गृहीत धरता येत नाही.

कोकणाने काय करावे?
कोकणच्या बाजारात मुशीची, म्हणजेच मोरीची, पिल्लेही विकायला येतात. दोष एकट्या मच्छीमाराचा नाही. भराव, कांदळवनांची तोड आणि सांडपाणीही खाडीच्या मुळावर आले आहे. कोणत्या खाडीत पिल्ले कधी येतात, हे मच्छीमारांना विचारून नोंदवावे. त्या काळात तिथे बारीक आसाची जाळी आणि गाळउपसा थांबवावा. मच्छीमारांना भरपाई द्यावी. केवळ पर वाचवून शार्क वाचणार नाही.