विश्लेषण : ऑनलाइन दुकानाला ‘हेडलेस’ यंत्रणा हवीच का?

आंब्याच्या मोसमात एखाद्या बागायतदाराच्या संकेतस्थळावर हापूसची पेटी ‘शिल्लक’ दिसते, ग्राहक यूपीआयने पैसे भरतो आणि तासाभराने ‘माल संपला’ असा निरोप येतो. अशा वेळी दोष अनेकदा संकेतस्थळ आणि मागची यंत्रणा यांच्यातील कच्च्या जोडणीचा असतो. ‘हेडलेस’ दुकानात ही जोडणीच सर्वांत नाजूक असते.

‘हेडलेस’ म्हणजे काय?

नेहमीच्या ऑनलाइन दुकानात दिसणारी पाने आणि मागचा हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतो. हेडलेस पद्धतीत दर्शनी भाग, म्हणजे ‘डोके’, वेगळा केला जातो. मागे उत्पादने, किमती, साठा आणि ऑर्डरी राहतात. दोहोंत निरोपांची देवाणघेवाण होते ती एपीआयमार्फत. त्यामुळे संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप आणि दुकानातील काउंटर एकाच साठ्यावर चालू शकतात. शॉपिफायचा स्टोअरफ्रंट एपीआय, तसेच मेडूसा, सॅलिओर ही मुक्त सॉफ्टवेअर याच प्रकारची.

जोडणी कशी होते?

पान उघडताच दर्शनी भाग मागच्या यंत्रणेकडे उत्पादनांची माहिती मागतो. फेसबुकने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ग्राफक्यूएलमुळे हवी तेवढीच माहिती मागवता येते. मोबाइल डेटावर खरेदी करणाऱ्यांना त्याचा फायदा होतो. ग्राहकाची टोपली मागच्या यंत्रणेत तयार होते, फोनमध्ये राहतो तो फक्त तिचा क्रमांक. पैसे जमा झाल्याची वर्दी पेमेंट कंपनी ‘वेबहुक’द्वारे थेट मागच्या यंत्रणेला देते.

चुकते कुठे?

वेगासाठी पानाची प्रत साठवून ठेवली जाते आणि ती शिळी होते. म्हणून पैसे घेण्यापूर्वी साठा आणि किंमत मागच्या यंत्रणेत पुन्हा तपासलीच पाहिजे. ब्राउझरने पाठवलेल्या किमतीवर विश्वास ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकालाच बिल लिहायला सांगणे. प्रशासकाची गुप्त कळ दर्शनी भागात ठेवली, तर ती कोणालाही वाचता येते. वेबहुक दोनदा येऊ शकते. तो खरा आहे का, हे तपासून एका पेमेंटची एकच ऑर्डर नोंदवली जाईल, याची खबरदारी घ्यावी लागते.

कोणाला परवडते?

एकच संकेतस्थळ आणि मोजकी उत्पादने असलेल्या विक्रेत्याला तयार थीम पुरते. हेडलेसमध्ये सांभाळायला दोन यंत्रणा येतात, खर्चही दोन्हीकडे होतो आणि तंत्रज्ञ सोडून गेला तर दुकानच अडते. विक्रीचे मार्ग अनेक असतील, तरच हा खटाटोप सार्थ ठरतो. खरेदीदाराचे अ‍ॅप आणि विक्रेत्याचे अ‍ॅप वेगळे ठेवणाऱ्या ‘ओएनडीसी’तही साठा ताजा ठेवण्याची गरज टळत नाही.

निर्णयापूर्वी काय विचारावे?

साठा बदलल्यावर पान किती वेळात बदलते? मागची यंत्रणा बंद पडली, तर ग्राहकाला काय दिसते? ग्राहकांची आणि ऑर्डरींची माहिती दुसरीकडे नेता येते का? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर विक्रेत्याने घाई करू नये. दुकानाची पत पानाच्या देखणेपणावर ठरत नाही. दाखवलेला माल दाखवलेल्या भावात घरी पोहोचला की नाही, यावरच ठरते.