उचंत खात्यातला उजेड

‘काका, कृष्णद्रव्य सापडलं!’ पुतण्याने मोबाइलवर बातमी पाठवली. मी आयुष्यभर पतसंस्थांची दप्तरं तपासली. तेरीज जुळेना की कारकून फरकाची रक्कम उचंत खात्यावर टाकतो. त्यात पाप नाही. पाप आहे ते पुरावा नसताना ती कुणाच्या तरी नावावर चढवण्यात.

पुतण्याच्या बातमीतलं आकाशगंगेच्या केंद्राचं प्रकरण असंच आहे. फर्मी दुर्बीण २००८मध्ये अवकाशात गेली. पुढच्याच वर्षी लिसा गुडइनफ आणि डॅन हूपर यांनी तिच्या नोंदी चाळल्या, तर केंद्राकडून येणारे गॅमा किरण हिशेबापेक्षा जास्त भरले. एक ते तीन अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ही जादा जमा सर्वांत ठळक. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील तर असाच उजेड पडेल, हा त्यांचा कयास. कणांची दाटी केंद्रातच जास्त असणार, म्हणून तो पटतोही.

पण या रकमेला दुसराही दावेदार आहे: मिलिसेकंद पल्सार, म्हणजे अतिवेगाने गिरक्या घेणारे तारे. असा पहिला तारा १९८२मध्ये सापडला. शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तो तारा सेकंदाला ६४२ गिरक्या घेतो! असे हजारो अंधूक तारे केंद्राभोवती असतील, तर त्यांचा एकत्रित उजेडही तसाच दिसेल. २०१५मध्ये दोन गटांनी हा उजेड ठिपक्याठिपक्यांचा असल्याचं मांडलं. २०१९मध्ये रिबेका लीन आणि ट्रेसी स्लेटियर यांनी त्यांतल्या एका गटाच्या पद्धतीचीच झडती घेतली. नोंदींमध्ये मुद्दाम कृष्णद्रव्याचा बनावट उजेड मिसळला, तर पद्धतीने तोही ठिपक्यांच्या नावे लिहिला! ही युक्ती आम्हा तपासनिसांना सुचायला हवी होती.

कृष्णद्रव्य आहे, याबद्दल माझा वाद नाही. गुरुत्वाकर्षणाची साक्ष भक्कम आहे. हा उजेड त्याचाच का, एवढंच मी विचारतो. २०१२मध्ये १३० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टजवळची एक रेषा अशीच गाजली होती. नोंदी वाढल्या तशी ती विरली.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांनी फर्मीच्या काही बेनामी स्रोतांत मिलिसेकंद पल्सार शोधून दाखवलेत. केंद्र मात्र २६ हजार प्रकाशवर्षांवर. तिथले पल्सार मोजून वजा होईपर्यंत माझा शेरा एकच: रक्कम उचंतातच ठेवावी.