चाकापूर्वीची विद्या

मृत्तिकाशिल्पाच्या अध्यापनात गुंतलेल्या आमच्या व्यवसायबंधूंना व भगिनींना या अंकाच्या आरंभी एक आग्रहाची विनंती करावयाची आहे. मातीचे काम शिकण्याच्या इच्छेने जो कोणी नवखा मनुष्य आपल्या दारी येईल, मग तो नाशिक-पुण्याकडील सुशिक्षित गृहस्थ असो वा पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरची शाळकरी मुलगी असो, त्याला पहिल्या दिवशी चाकावर बसवू नये. पहिल्या महिन्यातही नव्हे. विजेवर चालणारी चाके सहज मिळू लागल्यापासून आणि शहरांतून तासा-दोन तासांचे वर्ग भरू लागल्यापासून अशी वहिवाट पडली आहे की, शिष्याने यावे, पिशवीतून निघालेला तयार मळलेला गोळा चाकावर ठेवावा, गुरूने आपल्या हातांनी तो मध्यावर आणून द्यावा, आणि घटकाभरात वाडग्यासारखे जे काही उभे राहील ते वाळविण्याची, भाजण्याची व त्यावर झिलई चढविण्याची सर्व जबाबदारी गुरूनेच पत्करावी. शिष्याला त्यात आनंद होतो, आणि त्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या द्रव्याला त्याने स्पर्श केला ते कोणत्या शिवारातून आले, त्यात काय मिसळले होते, ते वाळताना किती आकसले आणि अग्नीत त्याचे काय झाले, यांपैकी एकाही गोष्टीची खबर त्याला नसते, आणि म्हणून तो वर्षभर येत राहिला तरी त्याचे ज्ञान चाकाच्या परिघाबाहेर जात नाही.

पेठेकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानात येते. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील सपाटीस देश आणि पश्चिमेकडील डोंगराळ मुलखास डांग म्हणण्याचा प्रघात जुना आहे. पेठ हा त्या डांगाचा, गुजरातच्या सरहद्दीला भिडलेला तालुका. देशावरच्या गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक, त्याचा हक्क ठरलेला आणि त्याच्याकडून यावयाची मडकी, पणत्या, सुगडी व घटही ठरलेले. डांगातील विखुरलेल्या पाड्यांत ही घडी तशी कधी बसली नाही, आणि मडके-खापर ही बहुधा आठवड्याच्या बाजारातून घेऊन यावयाची वस्तू राहिली. यावरून पेठेतील माणसाला माती परकी आहे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो सर्वथा चुकीचा होय. कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून त्यावर माती व शेण यांचा गिलावा चढविणारी, चूल घालणारी, पावसाळा सरला की पोपडे आलेली भिंत पुन्हा लिंपून काढणारी जी स्त्री तिथल्या घराघरांतून आहे, तिला कोणती माती लिंपल्यावर तडकते, कोणतीत तूस किंवा बारीक काड घातले म्हणजे ती धरून राहते, आणि गिलावा कितपत ओला असताना त्यावरून हात फिरवावा, हे सर्व ठाऊक असते. ही कुंभारविद्येची पहिली पायरी आहे. शहरातील नवशिक्याला जी चढावयास आपण कित्येक आठवडे घालवितो, किंवा घालवावयास हवेत, ती येथे घरातच चढून झालेली असते. आणि तरीही शिबिर भरले की तिला प्रेक्षकांत उभे करून चाक कसे फिरते ते दाखविले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

चाकावाचून घडविलेले भांडे म्हणजे अपुरे किंवा मागासलेले भांडे, ही समजूत आपल्याच प्रांताच्या इतिहासाला धरून नाही. १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे येथे जे उत्खनन केले त्यातून ताम्रपाषाणयुगातील ज्या तांबड्या भांड्यांना पुढे जोर्वे संस्कृतीचे नाव मिळाले, ती चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, काळ्या रंगाच्या रेखाटनाची आणि वाजवून पाहिली तर खणखणीत नाद देणारी आहेत. परंतु त्याच लोकांच्या वस्त्यांतून धान्याचे मोठे रांजण आणि करड्या रंगाची जाड भांडी सापडली ती हातांनी घडविलेली आहेत, आणि मृत अर्भकांना घराच्या जमिनीखाली पुरण्यासाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेली कुंभांची जोडी असे, तीही या हातघडणीच्या भांड्यांचीच. चाकाचे पूर्ण ज्ञान असलेल्या त्या समाजाने हाताची रीत टाकून दिली नव्हती. ज्या कामाला जी योग्य तिला ते काम नेमून दिले होते. दूरदेशीचे उदाहरण हवे असेल तर नायजेरियातील लाडी क्वाली यांचे घ्यावे. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने अबुजा येथे चालविलेल्या शिक्षणकेंद्रात त्या १९५४ मध्ये दाखल झाल्या, चाकही शिकल्या. पण भांडे स्थिर ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरत मातीच्या वळ्या चढविण्याची आपल्या गावची रीत त्यांनी सोडली नाही, त्या रीतीनेच त्यांचे नाव जगभर झाले, आणि त्यांच्या देशाने आपल्या वीस नायरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

आता पेठेसारख्या ठिकाणी आरंभ कसा करावा, ते थोडे तपशिलाने सांगतो. भाताची कापणी होऊन खाचरे सुकली की पाण्याबरोबर वाहून आलेला अतिसूक्ष्म गाळ त्यांच्या सखल कोपऱ्यांत बसलेला सापडतो. उतारावरील तांबडी माती लोहामुळे रंगाने देखणी, पण एकटी घेतली तर चिकटपणात बहुधा उणी. आणि काळी माती चिकट खरी, पण पाण्याने इतकी फुगते व वाळताना इतकी आकसते की तिचे भांडे सावलीतसुद्धा तडकते. या तिन्हींचे नमुने शिष्याने स्वतः खणून आणावेत. करंगळीएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. भेगा पडल्या तर माती उणी, न पडल्या तर कामाची. माती पाण्यात कालवावी, जड वाळू तळाशी बसू द्यावी, वरचा पातळ चिखल फडक्यातून गाळून घ्यावा आणि आटू द्यावा. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, त्यांवर विशेष नजर ठेवावी, कारण भट्टीत त्यांची कळीचुन्यासारखी स्थिती होते आणि भांडे बाहेर आल्यावर हवेतील ओलाव्याने ते फुगून काही दिवसांनी धडधाकट भांड्याचे टवके उडवितात. शिष्य अग्नीला दोष देतो आणि दोष असतो मातीचा. चिकट मातीचा जोर कमी करावयास आपले कुंभार राख, वाळू किंवा घोड्याची लीद घालीत आले आहेत. भाताचा तूस तर पेठेत दारात पडलेला असतो. प्रत्येक मिश्रणाची एक छोटी पाटी करून तिच्यावर दहा सेंटिमीटरांची रेघ ओढावी आणि ती रेघ वाळल्यावर व भाजल्यावर पुन्हा मोजावी. एवढ्या मोजमापाने जे कळते ते चाकावर महिनोन्महिने बसून कळत नाही. येथे एक सूचना आरोग्याची: वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांत साठते व कालांतराने जीवघेणा विकार जडतो, तेव्हा कामाची जागा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी, हा नियम पहिल्याच दिवसापासून पाळावा.

यानंतर पहिले भांडे, आणि ते खापर असावे असे आमचे मत आहे. फुलदाणी दिसावयास सोपी, पण तिची परीक्षा कोणीच घेत नाही. खापराची परीक्षा नागलीची पहिली भाकर त्यावर पडताच होते. चुलीचा जाळ एकाच बाजूने लागत असता ते फुटू नये यासाठी त्याची जाडी सर्वत्र सारखी हवी, कोनाकोपरा नको, आणि मातीत वाळूचे किंवा कुटलेल्या जुन्या खापरीचे कण हवेत, कारण उष्णतेने पडणारी सूक्ष्म चीर अशा कणापाशी येऊन अडते. झिलईची गरज नाही. शिशाची झिलई तर अन्नाच्या भांड्याला कदापि लावू नये. तांदळाची पेज त्यात उकळून मुरविली म्हणजे छिद्रे पुष्कळशी बुजतात.

भाजणीसाठी पेठेच्या पावसाचा मान राखावा लागतो. मृगापासून चार महिने उघड्या आव्याचे काम जवळजवळ अशक्य. परंतु त्याच दमट हवेत भांडी सावकाश व एकसारखी वाळतात, हा लाभ उन्हाळ्याच्या झोंबऱ्या वाऱ्यात नाही, तेव्हा हातघडणीचा अभ्यास पावसात आणि आव्याचा अभ्यास फाल्गुन-चैत्रात, अशी वाटणी सोयीची. रोपासाठी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला जाळ कोठे दबून राहतो व कोठे वाऱ्याने उसळतो हे माहीत असते. त्या माहितीचा उपयोग शिकविणाऱ्याने करून घ्यावा. आरंभीचे काही तास आच मंदच ठेवावी, कारण भिंतीत राहिलेल्या पाण्याची एकाएकी वाफ झाली तर भांडे आव्यातच फुटते. पुढे साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर ती पुन्हा पाण्यात कालवली जात नाही. उघड्या आव्यात उष्णता सामान्यतः सातशे-आठशे अंशांच्या पुढे फारशी जात नाही, आणि खापराला ती पुरते.

चाकाला आम्ही कमी लेखतो असा समज कोणी करून घेऊ नये. काठीने गती दिलेल्या जड चाकावर जाड काठाचे भांडे उतरवून, मग आतून गोटा धरून आणि बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत त्याचा माठ करणारा वयोवृद्ध कुंभार पाहिला म्हणजे या कलेचे अर्धे मर्म चाक थांबल्यानंतरच सुरू होते याची खात्री पटते. आणि हे ठोकणे आपल्या शहरी वर्गांतून जवळजवळ कोठेही शिकविले जात नाही. अशा कुंभाराला प्रात्यक्षिकापुरते बोलावून शाल देऊन परत पाठविण्याऐवजी रीतसर वेतनावर अध्यापक नेमले पाहिजे. मात्र स्त्रीने चाकाला हात लावू नये हा दंडक कुंभारांच्या अनेक घरांत आजवर चालत आलेला आहे. माती तुडविणे, चाळणे, भांड्यांना गेरू देणे हे कष्ट तिचे आणि चाक पुरुषाचे. शिक्षणाचा आरंभ चाकापासून केला की हा दंडक न बोलता आपल्या वर्गातही शिरतो. आरंभ हातापासून केला, तर कूड लिंपणारी पेठेची स्त्री पहिल्या दिवशी वर्गात सर्वांत पुढे असते, आणि पुढे चाकापाशी ती येईल तेव्हा मातीची जाणकार म्हणून येईल.

हा विचार ज्यांना पटेल त्यांनी येत्या हंगामात आपापल्या गावच्या मातीच्या भाजलेल्या पाट्या या मासिकाकडे पाठवाव्यात, म्हणजे पुढील एका अंकात त्यांचा तक्ता छापता येईल. प्रत्येक पाटीवर गाव, शिवार, मिश्रणाचे प्रमाण आणि दहा सेंटिमीटरांची रेघ ही सर्व माती ओली असतानाच खिळ्याने कोरावीत. शाईने लिहिलेले आव्यात टिकत नाही.