आग्रा, तालुका खालापूर

सुटीत घरच्या मंडळींसह दोन चित्रपट पुन्हा पाहिले. 'जोधा अकबर' (२००८) भलताच लांबलेला. हृतिक रोशन बादशहा वाटायला पहिला तास खर्ची पडतो. आग्ऱ्याचा किल्ला मात्र पहिल्या क्षणापासून खरा वाटतो. तो उभा केला नितीन चंद्रकांत देसाई यांनी, चौकजवळच्या आपल्या स्टुडिओत. (गाव खालापूर तालुक्यातले, पण वर्तमानपत्रे बिनदिक्कत 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणतात, कर्जतकर कशाला हरकत घेतील?)

दुसरा 'बालगंधर्व' (२०११), देसायांनीच निर्मिलेला. सुबोध भावे पदर सावरतो, तेव्हा तो पुरुष आहे हे ध्यानातच राहत नाही. उत्तरार्ध घाईत उरकलेला. पण मंडळी देण्यात बुडत असताही नारायणरावांना रंगभूमीवरचा थाट कमी करवत नाही, हे मनाला लागते. "काय हा अव्यवहार!" सौभाग्यवती म्हणाल्या. मला निर्मात्याची आठवण सुटेना. थकलेल्या कर्जांच्या काळात, २ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच स्टुडिओत देसायांनी आपले जीवन संपविले. अव्यवहार खरा, पण काटकसरीच्या हिशेबात खालापुरात आग्रा बसला नसता, एवढे मी म्हटलेच.